न मारल्याची खूण

शिंक माझ्या पाचवीलाच पुजलेली. गिरणी चालवणाऱ्या बाईला शिंक येणार नाही तर कुणाला येणार? नाकात पीठ, भुवयांत पीठ, पापण्यांवर पीठ. लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासऱ्यांची गिरणी बंद पडायला टेकली होती. नवरा दिवसभर रानात. मी बारावी झालेली, हिशोबाला पक्की आणि तोंडाला त्याहून पक्की, म्हणून गिरणी माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून मीच चालवते. ज्वारी बारीक, बाजरी जरा जाड, हरभऱ्याची डाळ ऊन दाखवून आणा बायांनो, ओल असली की पीठ दगडाला चिकटतं. हे सगळं ओरडून सांगावं लागतं, कारण गिरणी चालू असली की हळू बोललेलं कुणाच्या बापाला ऐकू जात नाही. गावात म्हणतात, गिरणीवाली बोलते का भांडते तेच कळत नाही. मी दोन्ही करते.

त्या दिवशी सकाळी मी ज्वारीचं अर्धं पोतं उचलून गिरणीच्या तोंडात ओतत होते. दोन्ही हात वर, दम रोखलेला, आणि नेमकी तेव्हाच शिंक आली. हात मोकळे नव्हते, पोतं सोडलं तर ज्वारी भुईवर. मी ती शिंक आतल्या आत दाबायला गेले. ती कसली दाबते! एकीमागून एक चार आल्या. पोतं रिकामं केलं, पदरानं तोंड पुसलं आणि समोर डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे वळले, तर ती दोन पावलं मागं सरकली.

"अगं माय, तुमचा डोळा!"

भिंतीवर खिळ्याला आरसा होता, त्यात पाहिलं. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला पांढरं म्हणून काही उरलंच नव्हतं. कुंकवाची डबी उपडी झाल्यागत सगळं लाल. नुसतं लालसर नाही हो, डोळे आल्यावर होतं तसंही नाही. रक्त. आणि दुखत मात्र कणभर नव्हतं. दुखलं असतं तर इतकी घाबरले नसते मी. डावा डोळा झाकून मी भिंतीवरची पाटी वाचली, "सातनंतर दळण घेतले जाणार नाही." नीट दिसत होती. पुन्हा वाचली. मग गिरणी बंद केली आणि नवऱ्याला फोन लावला.

ते तुरीच्या रानातून मोटारसायकलवर आले. माझा डोळा पाहिला आणि त्यांचं तोंड उतरलं. "पिठातलं कुसळ गेलं असंल. मावशीला दाखवू आदी," म्हणाले.

ही मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. खालच्या आळीतली म्हातारी, अख्ख्या गावाची मावशी. डोळ्यात गेलेलं कुसळ, खडा, उसाच्या पाचटाचा तुकडा, काय असेल ते ती जिभेनं काढायची. मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, दोन बोटांनी पापणी उलटी करायची आणि जिभेचं टोक डोळ्यातून असं फिरवायची की कुसळ तिच्या जिभेवर. सुगीच्या दिवसांत तिच्या दारात रांग लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया निघायच्या आधी तिच्या पाया पडून जातात. कुणाकडून काही घेत नाही, म्हणून तिचा शब्द गावात खाली पडत नाही. हे करू नये, यानं डोळा जायचा एखाद्याचा, असं नंतर डॉक्टरीणबाई मला चिडून म्हणाल्या. त्यांचं खरं आहे. पण त्या सकाळी मी मुकाट्यानं मावशीच्या ओट्यावर जाऊन बसले. दोन बाया आधीच बसलेल्या होत्या.

मावशीनं चूळ भरली. पापणी वर केली. वर बघ म्हणाली, खाली बघ म्हणाली. तिनं जीभ लावलीच नाही. हात मागं घेतला आणि पदराला पुसला.

"ह्यात कुसळ न्हाई. हे माराचं रगात हाय, आत सांडलंय."

"मावशी, शिंकले मी. शिंक आली जोरात," मी म्हटलं.

"शिंकेनं डोळा फुटत असता तर समदं गाव आंधळं झालं असतं." आणि माझ्याकडे न बघता ती माझ्या नवऱ्याकडे वळली. "कावून मारलं रे लेकीला?"

त्या दोन बाया ऐकायला पुढं सरकल्या. आमचे हे लालबुंद झाले. हात जोडून म्हणाले, "मावशी, देवाशप्पथ, लग्न झाल्यापासून हिच्या अंगाला बोट लावलं न्हाई म्या."

मी तोंड उघडलं होतं त्यांची बाजू घ्यायला. ते तसंच मिटलं. कारण डोळ्याचं मावशी म्हणत होती ते खोटं होतं, आणि हे म्हणत होते तेही खोटं होतं. एकदा लावलं होतं. बोट नव्हे, अख्खा हात.

बीडला निघालो तेव्हा मोटारसायकलवर मागं बसून मी तेच आठवत होते. पंधरा वर्षं झाली त्याला. लेक दीड वर्षाची होती. गिरणीवर गर्दी होती म्हणून मी बैलांना पाणी दाखवायचं विसरले. हे रानातून आले, बैल दावणीला तोंड घासत होते, आणि काही न बोलता यांनी माझ्या डाव्या कानाखाली उघड्या पंजानं एक ठेवून दिली. एकच. डोळ्यापुढं काजवे चमकले आणि कानात शिट्टी वाजायला लागली. आठ दिवस कान ठणकत होता. मी लेकीला काखेत मारली आणि चकलांब्याला, माझ्या माहेरी गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. त्यानंतर यांनी कधी हात उचलला नाही. त्याबद्दल एक अक्षरही कधी काढलं नाही. माणूस वाईट नाही. लेकीला शिकवायला बीडमध्ये ठेवली ती यांच्याच हट्टानं. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं, एवढं मी आज सांगू शकते.

बीडच्या बस स्टँडजवळ उतरलो तर माणसं माझ्या डोळ्याकडे बघायची आणि लगेच यांच्याकडे. रिक्षावाला बघून गेला. रसवंतीवरच्या एका बाईनं तर थेट "मेल्याचा हात मोडला न्हाई का," असं ऐकू जाईल इतपत म्हटलं. हे मान खाली घालून समोरच्या टपरीवर गेले आणि काळा चष्मा घेऊन आले. "घाल," म्हणाले. मी घातला. जळो मेला तो चष्मा! लाल डोळा एकवेळ लोक विसरतात. पदर डोक्यावर आणि त्याखाली काळा चष्मा घातलेली, नवऱ्याच्या मागून चालणारी बाई कुणी विसरत नाही. झाकायला गेलो आणि गावभर दवंडी पिटल्यासारखं झालं.

दवाखान्यात तासभर बसलो. डोळ्यांच्या डॉक्टर बाईच होत्या, माझ्याहून वयानं लहान. चष्मा काढायला लावला, पाहिलं, आणि यांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

दार लागलं. त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या. आवाज हळू केला.

"ताई, खरं सांगा. कुणी मारलं का?"

"न्हाई."

"घाबरू नका. बाहेर जाणार नाही ही गोष्ट."

"बाई, मी शिंकले हो! पोतं उचललेलं होतं आणि शिंकले. सकाळपासून बोंबलून सांगतेय, कुणी ऐकायलाच तयार न्हाई."

त्या हसल्या. पहिल्यांदा त्या दिवशी कुणीतरी माझं बोलणं खरं मानून हसलं, आणि मला रडू आलं. मग त्यांनी अक्षरं वाचून घेतली, उजेड टाकून आत पाहिलं, भिंगातून पाहिलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. बरोबर, शिंकेनंच झालंय, म्हणाल्या. कागदावर पेनानं डोळा काढून मला समजावलं.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ पापुद्रा असतो. त्याच्याखाली केसाहून बारीक रक्ताच्या नळ्या. जोराची शिंक, खोकला, उलटी, जड ओझं, यानं दाब येतो आणि एखादी नळी फुटते. रक्त निघतं थेंबभर. पण पापुद्र्याखाली ते पसरतं आणि बाहेर यायला वाट नसते, म्हणून दिसतं भयंकर. हाताला मुका मार लागला की काळंनिळं होतं ना, तसंच हे. तिथं वर कातडी असते म्हणून निळं दिसतं. इथं पापुद्रा काचेसारखा, म्हणून लाल. मारानं होत नाही असं नाही, तसंही होतं. पण मार असता तर पापणी सुजली असती, दुखलं असतं, आणखी काही खुणा असत्या.

"औषध?" मी विचारलं.

"काही नाही. दोन-तीन आठवड्यांत आपोआप जिरेल. उद्या-परवा आणखी पसरल्यासारखं वाटेल, मग पिवळट होईल. घाबरायचं नाही. चोळायचं नाही. टोचल्यासारखं वाटलं तर स्वच्छ फडकं गार पाण्यात बुडवून ठेवायचं. मध, तूप, दूध, मेडिकलवरचे थेंब, काही म्हणजे काही घालायचं नाही. आणि आठवडाभर पोती उचलायची नाहीत."

मग त्यांनी मला गोळ्यांचं विचारलं. कंबरदुखीला मी मेडिकलवरून मनानंच गोळ्या आणून खाते, त्याचं पाकीट पिशवीत होतं. ते पाहून रागावल्या. असल्या गोळ्यांनी रक्त लवकर थांबत नाही म्हणाल्या, विचारल्याशिवाय खायच्या नाहीत. रक्तदाबही वर होता. तो आजच्या भीतीनं असेल किंवा आधीपासूनचा असेल, म्हणून आठवडाभरानं पुन्हा तपासायला सांगितलं. डोळा दुखायला लागला, धूसर दिसलं, उजेड सहन होईना, किंवा असं पुन्हा पुन्हा झालं तर त्याच पावली या म्हणाल्या. सगळं कागदावर लिहून दिलं. इंग्रजीत.

माझ्या डोक्यावरचा हंडा उतरला. हसत बाहेर आले यांना सांगायला, तर हे भिंतीला टेकून उभे, फोन हातात, तोंडावर रक्त नाही.

"तुज्या दादाचा फोन आलता. जीप घेऊन निघालेत. संगं माणसं हायेत. घरी या, म्हणले, आज निकाल लावतो."

मावशीची भाची चकलांब्यात दिलेली. सकाळी मावशीच्या ओट्यावर बोललेलं दुपारपर्यंत माझ्या भावाच्या कानावर गेलं होतं. माझा थोरला भाऊ म्हणजे तिकडचा पुढारी माणूस. त्याच्या एका शब्दावर पन्नास माणसं गोळा होतात. त्याची बहीण नवऱ्यानं डोळा फोडून घरात ठेवली, असं त्याच्या गावात बोललं जातंय म्हटल्यावर तो गप्प बसणार नव्हता. मला घेऊन जाणार आणि यांच्यावर पोलीस ठाण्यात केस करणार, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. लेक बारावीला. गिरणीला कुलूप. आणि हे जेलात, न केलेल्या गोष्टीसाठी. माझं घर त्या एका शिंकेपायी मोडायला निघालं होतं.

गावाच्या अलीकडे यांनी मोटारसायकल थांबवली. मागं वळून म्हणाले, "तू फकस्त एवढं सांग. आजवर कदीच हात लावला न्हाई, एवढंच. बाकीचं मी बगतो."

मी चष्मा नाकावर वर सरकवला. काळ्या चष्म्यातून मला त्यांचा चेहरा नीट दिसतही नव्हता.

घरापुढं जीप उभी होती. गिरणीच्या पुढच्या पत्र्याखाली सतरंजी टाकून बैठक बसलेली. आमच्याकडे नवरा-बायकोचं बिनसलं की दोन्हीकडची माणसं अशी बैठक बसवतात. बायकोचं काय झालं ते सगळे बोलतात आणि बायको आत चुलीपाशी असते. दादा मधे बसला होता, दोन्ही बाजूंना त्यानं आणलेले दोघं जण. आमच्या गावचे एक अण्णा होते, ते प्रत्येक बैठकीत असतातच, सोयरिकीची असो नाहीतर मोडणीची. सतरंजीच्या कडेला सकाळी दळायचे राहिलेले डबे ओळीनं तसेच ठेवलेले. बायका ते न्यायला आल्या नव्हत्या, पण समोरच्या भिंतीआड उभ्या होत्या.

"चष्मा काढ, बाई," दादा मला म्हणाला.

मी काढला. दादाच्या तोंडून "आईगं" निघालं. ते खरं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हे मी पाहिलं. मग तो उठला आणि त्यानं यांची गचांडी धरली.

"दादा, सोड! शिंक आली मला!"

"शिंक? कुणाला शिकवती? ह्यानंच पढवलं का तुला?"

मी त्याचा हात सोडवला आणि डॉक्टरांचा कागद पुढं केला. तो अण्णांकडून त्या दोघांकडे, दोघांकडून दादाकडे फिरला. कुणाला वाचता आला नाही. "कागदावर काय बी लिहून घेता येतंय," दादासोबतचा एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "शिंकेनं डोळा फुटतो व्हय बे? आमच्या आज्यानं जलमभर तपकीर ओढली." सगळे हसले. मला मात्र संताप आला. मी सांगतेय, मी, जिचा डोळा आहे ती, आणि हे तपकिरीवर हसतायत! मी पापुद्रा, नळी, थेंबभर रक्त सगळं सांगितलं. बाईमाणूस नवऱ्याला वाचवायला काहीही सांगतं, असं म्हणून ते सगळं त्यांनी बाजूला सारलं. तू आत जा, असंही झालं.

मी आत गेले नाही. दारातच उभी राहिले.

मग अण्णांनी घसा खाकरला. "पाव्हणं, भांडून काय होत नसतंय. जावयानं अन्नावर हात ठिवून सांगावं. अन्नाची शपत खोटी घेतली तर अन्न गोड लागत न्हाई. मंग तरी मानताल का न्हाई?"

दादा पुन्हा सतरंजीवर बसला. मग म्हणाला, "मानतो. पण आजचं एकलं न्हाई. आजवर कदीच मारलं न्हाई, असं म्हणावं."

ओळीतला पहिला डबा ज्वारीचा होता, सकाळी माझा डोळा बघून मागं सरकलेल्या बाईचा. अण्णांनी त्याचं झाकण काढलं. हे पुढं आले. एकदा माझ्याकडे बघितलं. मनगटापर्यंत हात ज्वारीत घातला.

मला गप्प बसता आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काय मला माहीत नव्हतं? दोन वाक्यं, आणि जीप परत गेली असती. पण ती ज्वारी दळायची होती मला. मीच दळणार, ती बाई त्याच्या भाकरी करणार, तिची लेकरं खाणार. वीस वर्षं मी कुणाच्या दळणात मूठभर इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. आणि तिच्यात हात घालून हा माणूस माझ्यादेखत खोटं बोलणार?

"काढा हात," मी म्हटलं.

गिरणी बंद होती तरी मी गिरणीतल्या आवाजात बोलले होते. भिंतीआडच्या बायासुद्धा पुढं झाल्या.

"काढा आदी तो हात लोकांच्या दळणातनं. दादा, आजचा डोळा शिंकेनं लाल झाला. माज्या लेकीची आण. त्यांनी मला आज मारलं न्हाई. पण कदीच मारलं न्हाई, हे खोटं हाय. पंदरा वर्षांमागं मारलंय. हितं, ह्या कानाखाली."

यांनी हात बाहेर काढला. ज्वारीचे दाणे बोटांना चिकटलेले होते, ते झटकायचंही त्यांना सुचलं नाही. दादा ताडकन उभा राहिला. "बगा! बगा, अण्णा! म्हणलं नव्हतं म्या? बाई, मला कावून सांगितलं न्हाईस तवाच? हाडं मोडली असती ह्याची!"

मी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं तो नाटक करतोय. तो नाटक करत नव्हता.

"सांगितलं होतं की रे दादा. लेकीला काखेत घेऊन आलते. तुजं इलेक्शन होतं, ओट्यावर माणसं बसलेली. तू माजी हनुवटी धरून मला दारातल्या उजेडात नेलंस, तोंड इकडं-तिकडं फिरवून बगितलंस आणि म्हणलास, काहीच तर दिसत न्हाई. सकाळी साडी नेसवून एसटीत बसवून दिलंस."

तो आठवायला लागला. कपाळाला आठ्या घालून, खरंच आठवायला लागला. मला कीव आली त्याची आणि रागही आला.

"मला... आठवत न्हाई, बाई."

"तुला कशाला आठवंल? दिसलंच न्हाई तुला. आज दिसलं म्हणून जीप घेऊन आलास. आज काही झालेलं न्हाई रे! बैल गेला अन् झोपा केला."

अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. दादा खाली बसला, पुन्हा उठला. "चल माज्या संगं," म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. मी म्हटलं, आज नाही. यायचं असेल तेव्हा माझी मी येईन आणि तेव्हा मला तपासायला उजेडात नेऊ नकोस. त्यावर तो लहान पोरासारखा रडला. त्या माणसांदेखत रडला. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जीपकडे गेला. चहा टाकला होता तो तसाच राहिला. यांच्याकडे त्यानं बघितलंही नाही.

अण्णा गेले, बायका पांगल्या. उन्हं उतरली होती. मी तो ज्वारीचा डबा उचलायला वाकले आणि पोती उचलायची नाहीत हे आठवून थांबले. हे येऊन माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि काहीतरी बोलले. मला कळलं नाही.

"इकडून या," मी उजवीकडं हात केला. "तिकडून ऐकू येत न्हाई मला."

ते फिरून आले. खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, तू इसरली असशील." बोटाला चिकटलेला एक दाणा नखानं काढला. "तो कान गिरणीच्या आवाजानं गेला असंल ना?"

डोळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरा होणार होता, तसा तो झालाही. पण त्या वेळी मी त्यांच्याकडं माझा तो रक्ताळलेला डोळा आणि चांगला डोळा, दोन्ही रोखून बघितलं.

"गिरणीनं गेला असता," मी म्हटलं, "तर दोन्ही गेले असते."